घरचंच खाल्लं होतं

उलट्या-जुलाबांचा रुग्ण समोर बसला की आम्ही डॉक्टर सवयीनं पहिला प्रश्न विचारतो, "बाहेरचं काही खाल्लं होतं का?" कृष्णाकाठच्या ज्या गावात माझा दवाखाना आहे, तिथं याचं उत्तर बहुतेक वेळा एकच येतं. "न्हाई वो मॅडम, भायेरचं काय बी न्हाई. घरचंच खाल्लंय." एवढं ऐकलं की विचारणारा थांबतो आणि सांगणाराही सुटतो. मग ऊन लागलं, पित्त उसळलं, पाणी बाधलं, असं काहीतरी कारण ठरतं, गोळ्या लिहिल्या जातात, आणि ज्या पातेल्यातून दुखणं आलं ते पातेलं दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच ओट्यावर तसंच झाकून ठेवलं जातं.

अन्न घरचं आहे एवढ्यानं ते सुरक्षित होत नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. ते किती वाजता शिजलं, त्यानंतर कुठं आणि किती वेळ राहिलं, यावर सगळं अवलंबून असतं. आपण मात्र त्याची परीक्षा नाकानं आणि जिभेनं करतो. या कामाला ती दोन्ही अपुरी पडतात. घड्याळ लागतं.

विषबाधा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं मंडप येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात सप्ताहातला एकादशीचा भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो माणसं आजारी पडली. रुग्णालयात जागा पुरेना, तेव्हा माणसांना बाहेर मोकळ्यावर झोपवून, दोऱ्या बांधून त्यांना सलाईनच्या बाटल्या टांगल्या होत्या. ते फोटो अनेकांना आठवत असतील. अशा वेळी अधिकारी येतात, नमुने घेतले जातात, बातमी होते. ते व्हायलाच हवं. पण एखाद्या घरात एकाच रात्री चौघांना जुलाब झाले, तर त्याला कुणी विषबाधा म्हणत नाही. नमुना नाही, नोंद नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली मांडलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक दूषित अन्नानं आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार दगावतात. दगावणाऱ्यांत सव्वा लाख पाच वर्षांखालची मुलं असतात. पाच वर्षांखालचं मूल जेवतं कुठं? बहुतेक वेळा घरीच.

आता नाकाविषयी. स्वयंपाकघरात उभी हयात गेलेल्या बाईला बिघडलेलं अन्न लगेच कळतं. वरण आंबलं, भाजीला तार सुटली, दाण्याचं कूट खवट झालं, पितळेच्या भांड्यात दही कळकलं, हे ती झाकण उघडताक्षणी सांगते. हे ज्ञान मोलाचं आहे, ते हसण्यावारी नेण्याजोगं अजिबात नाही. पण अन्न नासवणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे बहुतांशी वेगळे. नासवणारे वासानं वर्दी देतात. आजारी पाडणारे पुष्कळदा काहीच वर्दी देत नाहीत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू आपल्याच नाकात, त्वचेवर, बोटाच्या चिघळलेल्या जखमेत राहतो. पेढे वळताना, उकडलेले बटाटे सोलताना, आटवून ठेवलेल्या बासुंदीत चारोळ्या टाकताना तो हातावरून अन्नात उतरतो, उबेत काही तासांत वाढतो आणि विष सोडतो. बासुंदीची चव तीच, रंग तोच, वेलदोड्याचा वासही तोच. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत भडाभडा उलट्या सुरू होतात. ती बासुंदी पुन्हा उकळली तर जंतू मरतील, पण त्यांनी सोडलेलं विष उकळीला दाद देत नाही.

उलट इडलीचं पीठ एखादा दिवस जास्त आंबलं म्हणून सहसा कुणी आजारी पडत नाही. आंबट झालेल्या अन्नात बरेचसे घातक जंतू वाढू शकत नाहीत. म्हणून ताक टिकतं, लोणचं टिकतं. आपल्याला ज्याची घाण वाटते ते अनेकदा निरुपद्रवी असतं, आणि जे छान लागलं म्हणून आपण दुसऱ्यांदा वाढून घेतो ते बाधतं.

भाताचं उदाहरण नीट समजून घ्यायला हवं, कारण भाताला आपल्याकडं कुणी संशयाच्या नजरेनं पाहत नाही. बॅसिलस सिरियस हा मातीतला जंतू. तांदळावर त्याचे बीजाणू असतात, म्हणजे झोपी गेलेली, कवच घेतलेली रूपं. साध्या उकळीत ते मरत नाहीत, आणि कुकरमध्येही सगळेच्या सगळे मरतील याची खात्री नसते. भात शिजतो, बाकीचे जंतू मरतात, आणि भात कोमट झाला की या बीजाणूंना जाग येते. ओलावा आहे, ऊब आहे, वाटेकरी उरलेला नाही. काही तासांत ते वाढतात आणि त्यांच्यातले काही प्रकार उलट्या करवणारं विष तयार करतात. हे विष इतकं चिवट असतं, की फोडणी, तवा, कुकर, मायक्रोवेव्ह यांपैकी कशानंही ते जात नाही. १९७१ साली ब्रिटनमध्ये चिनी खाणावळींतला फ्राइड राइस खाऊन माणसं आजारी पडू लागली, तेव्हा या प्रकाराकडं जगाचं लक्ष गेलं. भात मोठ्या प्रमाणात शिजवायचा, दाणे मोकळे व्हावेत म्हणून तो बाहेरच ठेवायचा आणि नंतर परतायचा, अशी तिथली रीत होती. आपला सकाळचा फोडणीचा भात वेगळा कुठं असतो? रात्रीचा भात कुकरच्या भांड्यात झाकून ओट्यावर राहतो आणि सकाळी मोहरी-हळदीत परतला जातो. थंडीच्या दिवसांत तो बहुधा निभावून जातो. एप्रिल-मेमध्ये निभावेलच असं नाही. आपण दरवर्षी खातो आणि काही होत नाही, असं लोक मला सांगतात. ज्या दिवशी काही होतं, त्या दिवशी भाताचं नाव कुणी घेत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

जंतू झपाट्यानं वाढतात ते साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात. म्हणून जगभर सांगितला जाणारा नियम असा, की शिजलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आमच्या भागात होळीपासून मृग लागेपर्यंत स्वयंपाकघर दुपारी ३२ अंशांच्या खाली कधी नसतं. वर पत्रा असेल तर विचारायलाच नको.

इथंच आपल्या घराघरांत रुजलेली एक समजूत आडवी येते. गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवू नये. फ्रिज खराब होतो, बिल वाढतं, अन्नाला वाईट वास लागतो, अशी तिची कारणं सांगितली जातात. मोठं, वाफाळतं पातेलं तसंच्या तसं आत ठेवलं तर फ्रिजमधली हवा तापते आणि शेजारचं दूधही कोमट होतं, एवढा भाग खरा. पण त्यातून आपण काढलेला अर्थ असा, की अन्न पूर्ण गार होईपर्यंत बाहेर ठेवायचं. हा अर्थ घातक आहे. रात्री आठला उतरवलेल्या कुकरच्या भांड्यात साडेदहाला स्वच्छ चमचा मधोमध खुपसा आणि तो मनगटाला लावून पाहा. वरचा भात गार लागतो, पोटातला चांगलाच कोमट असतो. तो कोमटपणा मध्यरात्रीपर्यंत टिकतो. गार होण्याची वाट पाहणं म्हणजे जंतूंना हवी तेवढी उसंत देणं.

वाट पाहू नये, अन्न गार करावं. माझ्या घराशेजारी एक वहिनी आहेत, त्यांच्या घरी दहा माणसांचा स्वयंपाक असतो. जेवणं झाली की त्या पहिल्यांदा उरलेल्या भाताकडं वळतात. भांडी घासणं, ओटा पुसणं, सगळं नंतर. भात पसरट स्टीलच्या ताटात बोटभर उंचीचा पसरतात आणि वर जाळी घालून पंख्याखाली ठेवतात. आमटीचं पातेलं मोठ्या परातीत ठेवून भोवती माठातलं पाणी ओततात, आणि येता-जाता पळीनं आमटी ढवळतात. परातीतलं पाणी तापलं की बदलतात. तोवर भाताची वाफ गेलेली असते. तो दोन लहान डब्यांत जातो, डबे फ्रिजमध्ये, एकावर एक न रचता, मध्ये हवा खेळेल असे. आमटीही अशीच उथळ डब्यांत. हे सगळं उरकायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि त्यातला बराचसा वेळ त्या दुसरं काम करत असतात. हाताला कोमट लागणारा लहान डबा फ्रिजमध्ये ठेवल्यानं फ्रिजचं काही बिघडत नाही. वहिनींनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. बाळंतपणात त्यांना एकदा फार त्रास झाला होता, तेव्हापासून त्यांनी ही शिस्त लावून घेतली.

रश्श्याची तऱ्हा आणखी वेगळी. एका सोमवारी संध्याकाळी एक बारा वर्षांचा मुलगा, त्याचे वडील आणि आजी असे तिघं एकदमच माझ्याकडं आले. पोटात मुरडा, पाण्यासारखे जुलाब, ताप नाही, उलटी जवळजवळ नाहीच. रविवारी मटण झालं होतं. मी आजींना विचारलं, रस्सा किती वाजता उतरवला? "येळ काय बघितली न्हाई, पर टीव्हीवर ती मालिका सुरू झाली व्हती बगा." म्हणजे आठ. मग? "जेवलो आन् पातेलं झाकून वट्यावर ठिवलं. गार झाल्याबिगर फ्रिजात ठिवत न्हाईत न्हवं?" पातेलं रात्रभर तिथंच राहिलं. सकाळी शाळेची, कामाची घाई, म्हणून रस्सा फक्त कोमट केला आणि भाकरीबरोबर खाल्ला. रात्री जेवून लगेच झोपलेली आणि सकाळी रस्सा न खाल्लेली सून ठणठणीत होती.

नमुना तपासलेला नव्हता, त्यामुळं छातीठोक सांगता येणार नाही. पण ही लक्षणं आणि मधला वेळ क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जंतूकडं बोट दाखवतात. यालाही बीजाणू असतात आणि तेही उकळीत तग धरतात. याला प्राणवायू नको असतो. उकळीमुळं रश्श्यातली हवा निघून गेलेली असते, वर तर्रीचा जाड थर असतो, तो ऊब आत धरून ठेवतो आणि बाहेरची हवा आत येऊ देत नाही. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या आसपास हा जंतू दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतो. आठ वाजता उतरवलेलं मोठं पातेलं या उबेत किती तास असतं, याचा हिशेब वाचकांनीच करावा. इथं मात्र सकाळी रश्श्याला खळखळून उकळी आणली असती, तर तिघंही बहुधा वाचले असते, कारण बीजाणूतून जागा होऊन वाढलेला हा जंतू उकळीत मरतो आणि त्याचं विष आपल्या आतड्यात गेल्यावर तयार होतं. भाताला दुसऱ्यांदा तापवणं वाचवत नाही, रश्श्याला वाचवतं. कुठल्या पातेल्यात कोण बसलंय हे घरात कळायला मार्ग नाही. त्यामुळं लवकर गार करणं आणि खाण्याआधी पुरतं तापवणं, दोन्ही करावं लागतं. कोमट करणं हा प्रकार तर स्वयंपाकघरातून हद्दपारच व्हायला हवा.

तेव्हापासून माझ्या केसपेपरवर मी दोन गोष्टी लिहून घेते. अन्न कधी शिजवलं होतं आणि खाईपर्यंत ते कुठं होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आणि खासगी दवाखान्यांच्या केसपेपरवर या दोन रकान्यांना जागा मिळाली, तर एका उन्हाळ्यात जिल्ह्याला पुष्कळ काही कळेल. यासाठी नवी यंत्रणा लागत नाही, दोन ओळी लागतात.

जुन्या बायकांना यातलं बरंचसं कळत होतं, हे मी मनापासून मानते. प्रवासाला न्यायची ती दूध घालून भिजवलेली दशमी आणि कोरडी चटणी. पाण्याचा हात लागला की टिकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ओल्या नारळाचं संध्याकाळपर्यंत संपवायचं. शिंक्याला वारा लागतो. उन्हाळ्यात डाळ-भात मापात. सांडगे, कुरडया, आमसुलं, सोडे या सगळ्यांत एकच गोष्ट केलेली असते, पाणी काढून टाकलेलं असतं. पण ती सगळी व्यवस्था एका गोष्टीवर उभी होती. घरात एक बाई दिवसभर चुलीपाशी असायची आणि दोन्ही वेळचं ताजं रांधायची. आज ती बाई सकाळी सातला एसटी पकडते. रविवारी तीन दिवसांच्या भाज्या, वाटणं आणि मळलेली कणीक करून ठेवते. यावर नाकं मुरडणाऱ्यांशी माझं भांडण आहे. करून ठेवण्यात काहीही चूक नाही, फक्त ते नीट गार करून, लहान डब्यांत, तारीख घालून ठेवायला हवं. आणि ते काम तिच्या एकटीचं का? जेवणं झाल्यावर भात पसरायला आणि डबे भरायला घरातल्या पुरुषाचे हात चालतात. वहिनींच्या घरी आता त्यांचा थोरला मुलगा हे करतो.

उरलेलं कोण खातं, हाही प्रश्न विचारला पाहिजे. मुलांना ताजं, नवऱ्याला ताजं, आणि कालचं-परवाचं तिच्या ताटात. अन्न टाकू नये ही शिकवण चांगली आहे. पण तिची सगळी किंमत घरातल्या एकाच माणसानं, तेही बाईनं, पोटदुखी काढून का मोजावी? ती गरोदर असेल तर गोष्ट आणखी गंभीर होते. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रिजच्या थंडीतही सावकाश वाढत राहतो. आईला नुसती कणकण येते, आणि गर्भ मात्र दगावू शकतो. दिवस गेलेल्या सुनेच्या पानात चार दिवसांचं फ्रिजमधलं वाढू नका, एवढं मी प्रत्येक सासूला सांगते. कच्चं, न तापवलेलं दूधही देऊ नका. भात एका दिवसाच्या वर ठेवू नये, इतर शिजवलेलं दोन, फार तर तीन दिवस. त्यानंतर ते कितीही चांगलं दिसलं तरी पोटात घालायचं नाही.

फ्रिजबद्दल थोडं. आतल्या खटक्यावरचे आकडे म्हणजे तापमान नव्हे. बहुतेक फ्रिजमध्ये मोठा आकडा म्हणजे जास्त थंडी. आत ४-५ अंश हवेत, आणि ते आहेत का हे पाहायला एक साधा थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात घालून मधल्या फळीवर रात्रभर ठेवावा. तो फ्रिज विकतानाच का देत नाहीत, हे मला कळत नाही. हजारो रुपयांच्या वस्तूबरोबर तेवढी स्वस्त चीज सक्तीची करायला सरकारला काय अडचण आहे? दारातले कप्पे सर्वांत कमी थंड असतात, आणि आपण दूध तिथंच ठेवतो. कच्चं चिकन, मासे झाकून सर्वांत खालच्या फळीवर ठेवावेत, त्यांचं पाणी कोशिंबिरीच्या काकडीवर ठिबकता कामा नये. चिकन नळाखाली धुतलं की शिंतोडे हातभर अंतरावरच्या कोथिंबिरीवर उडतात. मसाला लावलेलं मटण ओट्यावर तीन तास मुरत ठेवण्याऐवजी फ्रिजमध्ये मुरवावं, मुरायचं ते तिथंही मुरतं.

माझं माहेर रत्नागिरीकडचं, म्हणून बांगड्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. बांगडा, तारली, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं. मासा जाळ्यातून काढल्यावर बर्फात गेला नाही, उन्हात टोपलीत राहिला, तर जंतू त्यापासून हिस्टामिन बनवतात. हे हिस्टामिन तळून जात नाही, कढवून जात नाही, खारवूनही जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तासाभरात चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते, अंगाला खाज सुटते. लोक म्हणतात, मला मासळीची ॲलर्जी झाली, आणि जन्मभर बांगडा सोडतात. ॲलर्जी नसते, बर्फ नसतो. घाटावर येणाऱ्या माशाच्या बाबतीत तर हे फारच घडतं. पाटीवाल्या मावशीला बर्फ कुठाय हे विचारायला लाजू नये, आणि घरी येताना पिशवी दुचाकीला लटकवून वाटेत दुसरी चार कामं करत बसू नये.

कोरड्या धान्याला आपण निर्धोक समजतो, तेही पूर्ण खरं नाही. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागांत अवेळी पावसानं भिजलेल्या मक्यावर बुरशी चढली. तोच मका आदिवासी कुटुंबांनी खाल्ला, कारण दुसरं खायला नव्हतं. काविळीनं आणि पोटात पाणी होऊन शंभरावर माणसं दगावली. ते अफ्लाटॉक्सिन होतं, बुरशीचं विष. शेंगदाण्यावर तीच बुरशी वाढते आणि दाणे भाजले तरी विष पुरतं जात नाही. पावसाळ्यात दमट डब्यात राहिलेले काळपट, सुरकुतलेले, हिरवट दाणे निवडून टाकावेत. त्यांचं कूट करून आमटीत लपवू नये. भगरीचंही तेच. उपवासाच्या दिवसांत दरवर्षी भगरीच्या पिठानं माणसं आजारी पडल्याच्या बातम्या येतात आणि अन्न व औषध प्रशासन दरवर्षी सूचना काढतं. सुटं पीठ घेऊ नका, भगर निवडून धुऊन घ्या, लागेल तेवढीच दळा, कोरड्या झाकणबंद डब्यात ठेवा. पिठाला हवेतला ओलावा लवकर धरतो, म्हणून अख्खी भगर टिकते आणि पीठ बिघडतं. आषाढी पावसात येते, हे लक्षात ठेवावं.

मोड आलेली कडधान्यं कच्ची खाण्याची आता टूम आहे. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलायची साथ पसरली, सुमारे चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक मेले. ओल्या फडक्यातली ऊब मोडांना मानवते तशी जंतूंनाही मानवते. आपली उसळ शिजवलेली असते, तीच बरी.

आता ज्यांच्याकडं फ्रिज नाही त्यांचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या साधारण ३८ टक्के घरांतच फ्रिज आढळला. ऊसतोडीला आलेल्यांच्या कोपीत तर वीजही नसते. तिथल्या बाईला मी ४ अंशांच्या गोष्टी सांगत नाही. तिला सांगते, भात-कालवण एका वेळेपुरतंच कर, उरली तर भाकरी उरू दे, ती कोरडी असते. बाळाची पेज सकाळी एकदाच करून दिवसभर पाजू नको, दर वेळी वाटीभर नवी कर. पहाटे रांधून फडावर नेलेलं कालवण दहाच्या आत संपव, आणि ते सूर्य चढल्यावर उन्हात ठेवू नको. जुलाब लागलेच तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटाघोटानं पाजत राहा. बाळ मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसलं, तर कोयता ठेव आणि दवाखाना गाठ. हे सगळं आशाताई माझ्यापेक्षा चांगलं सांगतात. पण त्यांच्या प्रशिक्षणात अन्न साठवण्यावर दोन वाक्यांपलीकडं काही नसतं. तिथं चमचा खुपसून पाहण्याचं आणि परातीतल्या पाण्याचं प्रात्यक्षिक करून दाखवायला हवं, तेही कुणाच्या तरी खऱ्या स्वयंपाकघरात.

आणि ज्यांच्याकडं फ्रिज आहे पण वीज नाही, अशी गावं या उन्हाळ्यातही असणार आहेत. दार न उघडता फ्रिज साधारण चार तास थंडी धरून ठेवतो. त्याहून जास्त वेळ वीज गेली तर आतलं दूध, मटण, वाटण यांचा भरवसा धरू नये. भारनियमन करावंच लागत असेल तर ते कधी आणि किती तास, हे वीज कंपनीनं आदल्या दिवशी फोनवर कळवलं पाहिजे आणि शब्द पाळला पाहिजे. मग रात्री भात किती टाकायचा, चिकन आज आणायचं की उद्या, हे घरातल्या माणसांना ठरवता येईल.